पुसलेला डबा

पोलीस प्रशिक्षण केंद्रात पहाऱ्याची नोंदवही कशी लिहावी हे शिकवणारी एक बाई आहे. चाळिशीला टेकलेली, चणीनं लहान, पण आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला उभ्या असलेल्यानंही पोट आत घ्यावं. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. सगळ्यांच्या तोंडी ती घड्याळबाईच. बरोबर पावणेबाराला ती खडू खाली ठेवते, खुर्चीवर बसते, सदऱ्याचं खालचं बटण काढते आणि अख्ख्या वर्गादेखत पोटाला सुई टोचून घेते. मग जेवणाचा डबा उघडते. नव्या पोरापोरींपैकी कुणीतरी हमखास तोंड फिरवतं.

"बघून घ्या, बघून घ्या," ती म्हणते. "हे लपवून केलं की काय होतं, ते जेवल्यावर सांगते."

आणि सांगतेही. पण शेवटचा भाग ती दर वेळी गाळते. आपण गाळणार नाही.

अकराव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह झाला. हा मधुमेह गोड खाऊन होत नाही, हे वाक्य तिच्या आईनं आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की तिला झोपेतून उठवलं तरी ती ते म्हणेल. अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते बाहेरून टोचायचं; टोचलं की वेळेवर जेवायचं. टोचलं आणि जेवण चुकलं, तर रक्तातली साखर घसरते. आधी घाम फुटतो, मग हात कापतात, मग माणूस बावचळतो, आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर आडवा होतो. उपाय अगदी साधा, साखर खायची. बाळबोध उपाय, पण तो त्या क्षणी हाताशी असावा लागतो.

शाळेत खेळाच्या गुरुजींनी ही भानगड ऐकली आणि तिला कायमची बाकावर बसवली. हातात शिट्टी दिली आणि म्हणाले, तू वेळ घे. पाच वर्षं ती दुसऱ्यांच्या पळण्याची वेळ घेत बसली. तिच्यापेक्षा संथ पोरी बक्षिसं घेऊन घरी गेल्या. पोलिसात जायचं तिनं त्या बाकावरच ठरवलं. समाजसेवा वगैरे नंतर चिकटलेली कारणं. खरं कारण एवढंच की पोलीस भरतीत पळवतात आणि तिला पळायचं होतं.

भरतीच्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर चौदावा प्रश्न होता: आपणास कोणताही दीर्घकालीन आजार आहे का? मायलेकी त्या प्रश्नासमोर अर्धा तास बसल्या. आई घरी शिवणकाम करायची. शिलाई मशीनच्या फळीवरच अर्ज पसरला होता आणि टाचण्यांची डबी त्यावर वजन म्हणून ठेवली होती.

"'आहे' लिहिलंस की अर्ज सरळ केराच्या टोपलीत," आई म्हणाली.

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"तर तू पळून दाखव, मी गप्प बसून दाखवते."

लेकीनं 'नाही' लिहिलं. शाई वाळायच्या आत अर्ज पाकिटात गेला. वैद्यकीय तपासणीत फक्त लघवी तपासली, आणि आठवडाभर तिनं साखर अशी काटेकोर सांभाळली होती की डॉक्टरांनी वर न बघताच शिक्का मारला. पळण्यात ती तिसरी आली. घरी येऊन आईच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा आईही रडली. पण दोघींच्या रडण्यात थोडी भीती होती, आणि ती दोघींनाही समजत होती.

ती रुजू झाली त्या ठाण्यातले वयस्कर हवालदार म्हणजे खिसेकाका. रोज सकाळी शिपायांची रांग लावायची आणि एकेकाचे खिसे थापटून बघायचे, हा त्यांचा नित्यनेम. वर्दीचा खिसा सपाट हवा. आत वही, पेन आणि शिट्टी, चौथी वस्तू दिसली की वाभाडे निघाले. एकाच्या खिशात शेंगदाणे सापडले तर काका त्याला महिनाभर "काय दुकानदार" म्हणत होते. आमच्या पोरीच्या खिशात दोन पेनं असायची.

"दोन कशाला गं?"

"एक बंद पडलं तर, काका."

त्यातलं एक इन्सुलिनचं होतं. दिसायला पेनासारखं, क्लिपसकट. ग्लुकोजच्या गोळ्या मात्र खिशात फुगवटा आणायच्या, म्हणून आईनं तिच्या टोपीच्या आतल्या पट्टीला बोटभर कप्पा शिवून दिला. टाके इतके बारीक की शिंप्यालाही दिसू नयेत. त्यात चार गोळ्या. जेवायच्या वेळा ती मिनिटाला पाळायची, म्हणून ठाण्यात तिचं नाव घड्याळबाई पडलं, आणि तिला ते आवडलंही. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. तीन वर्षं सुरळीत चाललेलं खोटं माणसाला खोटं वाटेनासं होतं, ही त्यातली खरी गोम.

मग तो दिवस आला. सकाळी रांगेत खिसेकाकांनी खोका उघडला आणि जाहीर केलं, "आजपासून हिवाळी टोपी." सगळ्यांनी उन्हाळी टोप्या खुंटीला अडकवल्या आणि नव्या लोकरी टोप्या डोक्यावर चढवल्या. तिनंही चढवली. लगेच गाडी सुटायची होती, कारण एका घरात एक आजोबा जिन्याखाली मरून पडलेले सापडले होते. चार गोळ्या खुंटीवर राहिल्या. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा ती त्या घराच्या दारात उभी होती आणि गाडी निघून गेली होती.

आजोबा आयुष्यभर नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. रोज सकाळी त्यांचं सगळं करायला एक मावशी यायच्या, पन्नाशीच्या, तीनचार घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या. त्यांनाच ते सापडले होते. फौजदारांनी खोल्यांचे फोटो काढवले, प्रेत हलवलं, मावशींकडून पुढच्या दाराची किल्ली घेतली आणि ती किल्ली व नोंदवही घड्याळबाईच्या हातात दिली. पुतण्या परगावाहून येईपर्यंत आणि पुन्हा पाहणी होईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. जो आत जाईल त्याचं नाव, वेळ, कारण वहीत. पहारेकऱ्यानं जागा सोडायची नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही.

"बारा वाजता दुसरा शिपाई येईल," फौजदार म्हणाले.

बारा म्हणजे बारा, असं ती धरून चालली. बाराला सुटका, सव्वाबाराला जेवण. म्हणून पावणेबाराला तिनं दाराच्या आडोशाला सदरा वर करून नेहमीसारखं टोचून घेतलं. ठाण्यात असती तर चाललं असतं. इथे तिनं डबा समोर यायच्या आधी सुई टोचली, आणि ती चूक तिची एकटीची होती.

बारा वाजले. कुणी आलं नाही. तिनं वायरलेसवर विचारलं. उत्तर आलं, मोठ्या रस्त्यावर दोन ट्रक भिडलेत, माणूस नाही, पाच मिनिटं थांब. पोलिसांची पाच मिनिटं किती असतात हे तिला ठाऊक होतं, पण आपल्याच खात्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

बारा वीसला मावशी फाटकातून आल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

"सकाळपासून उभी आहेस पोरी. काही खाल्लंस? चहा आणलाय, चांगला गोड केलाय."

"नको मावशी. ड्युटीवर आम्ही काही घेत नाही."

"अगं घोटभर घे. कोण बघतंय?"

"नको म्हटलं ना."

आवाज जरा चढलाच. मावशींनी थर्मासचं झाकण परत फिरवून घट्ट केलं. "बरं बाई. मांजर सकाळपासून उपाशी आहे, तिला मागच्या पायरीवर दूध ठेवून जाते," म्हणाल्या आणि बोळातून मागे वळल्या. गोड चहा दोन हातांवर आला होता आणि तिनं तो नियमाच्या नावाखाली परत पाठवला. नियमच तो, पण त्या क्षणी तिला नियमापेक्षा आपण किती कडक आहोत याचा तोरा जास्त होता. पुढे कित्येक वर्षं तिला सगळ्यात जास्त त्या चहाचीच लाज वाटत राहिली.

एक वाजता घाम फुटला. थंडीचे दिवस, लोकरी टोपी, आणि मानेवरून ओघळ. तिनं सवयीनं टोपीच्या पट्टीत बोट घातलं. नवी टोपी, नुसती लोकर. हात कापायला लागले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वायरलेसवर 'मला चक्कर येतेय' म्हणावं तर का येतेय ते सांगावं लागणार. तिनं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. ओठ बधिर झाले. मग दार उघडून ती आत गेली. ते तिनं ठरवलं की तिच्या पायांनी ठरवलं, हे तिला धड आठवत नाही. स्वयंपाकघर मात्र आठवतं. ओट्यावर, अगदी हाताशी, पत्र्याचा डबा, झाकण सैल. साखर. मुठीनं खाल्ली. दोन मुठी, तीन मुठी, कोरडी, घशाला टोचणारी. मग ओट्याला टेकून जमिनीवर बसली आणि समोरच्या भिंतीवरचा आजोबांनी काढलेला नकाशा हळूहळू दोनाचा एक दिसायला लागला.

दहापंधरा मिनिटांनी डोकं ताळ्यावर आलं. ओट्यावर साखर सांडली होती, डब्यालाही चिकटली होती. खिळ्याला फडकं होतं. तिनं ओटा पुसला, डबा पुसला, झाकण पुसलं, डबा फडक्यात धरूनच जागच्या जागी ठेवला, फडकं झटकून टांगलं. बाहेर आली, दार लावलं. दीड वाजता बदली शिपाई आला तेव्हा तिनं वहीत लिहिलं: नऊ ते दीड, कोणीही आत गेले नाही. खाली सही.

दुपारी पुतण्या आला. घर बघताना त्याला एकदम आठवलं की काकूच्या बांगड्या काका साखरेच्या डब्यात ठेवायचे. त्यानं लहानपणी पाहिल्या होत्या. फौजदारांनी डबा न हलवता रुमालानं झाकण उचललं आणि पेनानं साखर चाळवून पाहिली. बांगड्या नाहीत. फौजदार हुशार माणूस. त्यांनी सकाळचा फोटो काढून ओट्याशेजारी धरला. सकाळी डबा भिंतीला लागून होता, आता चार बोटं पुढे. सकाळी फडकं दुमडलेलं, आता उलगडलेलं. ठसेवाल्यानं पावडर मारली आणि मान हलवली.

"एकही ठसा नाही साहेब. रोजच्या वापरातला डबा, आणि एकही ठसा नाही. पुसलाय."

पुसलाय म्हणजे चोरानंच पुसलाय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग प्रश्न एवढाच, आत कोण गेलं? पुढच्या दारानं कुणी गेलं नाही, वहीत तसं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे मागच्या दारानं. मागच्या दाराची किल्ली मावशींच्या कमरेला निघाली. सकाळी कुणी मागितली नाही आणि त्यांनाही सुचलं नाही. बोळापलीकडच्या शेजारणीनं त्यांना साडेबाराला मागच्या दाराशी वाकलेलं पाहिलं होतं. मावशी म्हणाल्या, मांजराला दूध ठेवत होते. वाटी रिकामी होती. मांजरानं आपलं काम चोख केलं होतं. संध्याकाळी मावशींना ठाण्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारांनी घड्याळबाईला बोलावलं. मावशी कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"शाबास," फौजदार म्हणाले. "तुझी नोंद पक्की म्हणून केस पक्की. एवढा जबाब वाच आणि सही कर."

"तू तर तिथेच होतीस ना पोरी," मावशी म्हणाल्या. "सांग की यांना. तुला सांगूनच मी मागे गेले होते. आले तशी गेले."

"मागे गेल्या होत्या, साहेब," ती म्हणाली. "दूध ठेवायला जाते म्हणाल्या होत्या."

"आत गेल्या की नाही ते तुला दिसलं?"

"नाही."

हे खरं होतं. ती जे जे बोलली ते सगळं खरं होतं, आणि तरी एवढं मोठं खोटं ती जन्मात बोलली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर टेबलाच्या अलीकडे वर्दीत उभा राहून शाबासकी घेत होता. तिनं सही केली. पेनाला हात घातला तर आधी हातात इन्सुलिनचं पेन आलं. ते झटकन आत सारून तिनं दुसरं काढलं.

त्या दुपारी घरी जाऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आईचे मशीनवरचे पाय थांबले.

"साखर खाल्लीस तू. चोरी नाही केलीस."

"त्या बाईंना कोठडीत घातलंय आई."

"सापडतील बांगड्या कुठे तरी. मग सोडतील. तू तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, आणि अर्जावर खोटं लिहिलं म्हणून वर खटला." आई बोलताना तिच्याकडे बघत नव्हती. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "टोपीचा कप्पा मी दोन्ही टोप्यांना शिवायला हवा होता."

लेकीला वाटलं, आपण दोघी कुठे येऊन पोचलो. एक बाई गजाआड बसलीय आणि आपण टोप्या मोजतोय. खाई त्याला खवखवे म्हणतात ते कानांनी हजारदा ऐकलं होतं, आता घशात कळत होतं. ती साखर अजून तिथेच अडकलीय असं वाटत होतं. जेवण जाईना, आणि जेवण न जाणं तिला परवडणारं नव्हतं, म्हणून ती मोजून घास ढकलत राहिली.

मनातल्या मनात तिची वकिली चालू होतीच. डबा मुंग्या येतील म्हणून पुसला. आईचं वळणच तसं, सांडलं की पूस. हे ती स्वतःला पन्नास वेळा सांगायची आणि एक्कावन्नाव्या वेळी आतून कुणीतरी विचारायचं, मग झाकण का पुसलंस? झाकणाला कुठे साखर लागली होती?

ठाण्यात बाई शिपाई ती एकटी. त्यामुळे मावशींना चहा नेणं, जेवण नेणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं, सगळं तिच्याकडेच. नशीब माणसाची अशी थट्टा करतं की हसूही येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली. मावशींनी पेला घेतला.

"तू घेतलास?"

"नाही. ड्युटीवर..."

"हो, विसरलेच. तू काही घेत नाहीस." बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मावशींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग बोट तिच्या खिशाकडे केलं. "ते दुसरं पेन लिहायचं नाही."

तिचा हात आपसूक खिशावर गेला.

"घाबरू नकोस. आजोबांकडे अगदी तसलंच होतं. आठ वर्षं रोज सकाळी मीच टोचत होते त्यांना. जेवणाची वेळ टळली की म्हातारा पांढराफटक पडायचा. म्हणून तर साखरेचा डबा मी फळीवर ठेवतच नसे. ओट्यावर, हाताशी, झाकण सैल. त्यांच्या हाताला कंप, झाकण उघडत नसे ना. आता त्याच डब्यासाठी मला इथे बसवलंय बघ." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बांगड्या तर काकू गेल्या तेव्हा त्यांच्या हातातच होत्या, असं आजोबा सांगायचे. पण माझं कोण ऐकतंय! तू आपलं वेळेवर खात जा. तोंड बघ कसं उतरलंय. कुणी विचारतं का तुला, की लपवून ठेवलंयस?"

एवढं सगळं ओळखणाऱ्या त्या बाईला उरलेलं ओळखता येत नव्हतं, याचं कारण सरळ होतं: दारात उभा असलेला पोलीसच आत जाऊन डबा उघडेल, हे तिच्या मनाच्या आसपासही नव्हतं. घड्याळबाईला हे कळलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं कोठडीचं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, कारण हाताला तशी सवय होती, आणि सरळ फौजदारांच्या खोलीत गेली.

"साहेब, वही खोटी आहे. आत मी गेले होते. साखर मी खाल्ली. डबा मी पुसला."

फौजदारांना आधी काही समजेना. मग तिनं दुसरं पेन टेबलावर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. चौदावा प्रश्न, टोपी, पावणेबाराची सुई, परत पाठवलेला चहा, सगळं. दारात खिसेकाका येऊन उभे राहिले होते, कधी ते कळलं नाही.

"टोपीत?" काका म्हणाले. "तीन वर्षं मी रोज खिसे बघतोय आणि माल टोपीत?"

कुणी हसलं नाही. काकाही हसले नाहीत. स्वतःची टोपी काढून तिच्या आत बघत राहिले.

फौजदारांनी तिचा जुना भरती अर्ज मागवला. दुसरं पान उलगडलं आणि चौदाव्या प्रश्नावर बोट ठेवलं. मग बोट जरा खाली सरकवलं. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती: असल्यास, आजार नियंत्रणात असल्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला जोडावा.

"हे वाचलं होतंस?"

तिनं वाचलं नव्हतं. आईनंही नाही. त्या ओळीवर तर टाचण्यांची डबी होती.

"घेतलं असतं की नाही, मी सांगू शकत नाही," फौजदार म्हणाले. "कदाचित नसतंही. पण विचारायची जागा ठेवलेली होती." मग ते खुर्चीत मागे रेलले. "साखर खाल्लीस त्याबद्दल मी काही बोलणार नाही. जीव वाचवायला खाल्लीस. तू वहीत लिहायला हवं होतंस, एक वाजून पाच, पहारेकरी आत, कारण प्रकृती. एक ओळ. ती बाई दोन रात्री आत बसली नसती."

मावशींना तासाभरात सोडलं. डबा कुणी पुसला ते कळल्यावर केसमध्ये उरलं काय, तर वीस वर्षांपूर्वी एका मुलानं पाहिलेल्या बांगड्या. आजोबा जिन्यावरून पाय घसरून पडले होते, तसा डॉक्टरांचा अहवालही आला. घड्याळबाईची चौकशी लागली. सहा महिने घरी बसवलं. अर्जातल्या खोट्याबद्दल ताशेरे, खोट्या नोंदीबद्दल शिक्षा, आणि शेवटी तज्ज्ञाच्या दाखल्यावर कामावर परत. पण पहाऱ्यावर नाही, गस्तीवर नाही. पळायला मिळणार नाही. शाळेतल्या बाकावर पुन्हा बसवल्यासारखंच ते, फक्त या वेळी तिनं स्वतःच स्वतःला बसवलं होतं. पुढे कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नोंदवही शिकवायला हीच बाई लायक.

इथवर ती वर्गात सांगते. आता तिनं गाळलेला भाग.

घरी बसवलं त्याच आठवड्यात ती मावशींकडे गेली. पत्ता तिला जबाबाच्या कागदावरून पाठ झाला होता. तीन मजले चढून गेली, दार वाजवलं. मावशींनी उघडलं. साध्या कपड्यातली पोर त्यांना क्षणभर ओळखू आली नाही. मग आली.

"मला माफ करा," ती म्हणाली. घोकून आणलेलं बाकीचं सगळं दाराशीच विसरलं.

आत कुठे तरी नळ गळत होता. मागून पायात घोटाळत मांजर आलं; आजोबांचंच असावं.

"दोन घरं सुटली माझी," मावशी म्हणाल्या. "पोलिसांनी सोडलं म्हणून सांगितलं त्यांना. म्हणाले, हो, पण आता नको. आठ वर्षं, बारा वर्षं केलेली घरं." आवाज चढलेला नव्हता. "साखरेचं म्हणशील तर खाल्लीस ते बरंच केलंस. अगं, ती त्यासाठीच तर ठेवली होती तिथं. कुणाच्याही वेळेला उपयोगी पडली असती तर मला आनंदच झाला असता. तू मला दुसऱ्या दिवशी नुसतं सांगितलं असतंस तरी मी साहेबांपुढे तुझीच बाजू घेतली असती."

मावशींनी मांजराला पायानं आत सारलं.

"पण पुसलास का गं तो डबा?"

मुंग्या, हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. किती दिवस सांभाळून ठेवलेला, गुळगुळीत झालेला. तिनं तोंड उघडलं आणि मावशींकडे पाहिलं. आठ वर्षं दुसऱ्याच्या कापऱ्या हातांसाठी झाकण सैल ठेवणारी बाई समोर उभी होती.

"मी आत गेले होते हे कुणाला कळू नये म्हणून," ती म्हणाली. "तेव्हाही मला ते ठाऊक होतं."

मावशींनी मान हलवली. त्यांना एवढंच हवं होतं. त्यांनी 'ये' म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. मग मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेबारा होत आले," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"